ज्याला आवडत नाही, त्यानं वाचायचं

अक्का, तुमच्या शोकसभेत मी भांडले. हे तुमच्या कानावर कुणीतरी घालायलाच हवं, आणि तुमच्याकडे येऊन माझ्या चुगल्या करणारी माणसं आता चहा पिऊन आपापल्या घरी गेली आहेत. म्हणून माझी मीच सांगते. तुम्ही आधी हसला असतात आणि मग विचारलं असतंत, "भांडलीस ते ठीक आहे, पण कुणाच्या बाजूनं?" तिथंच तर सगळी पंचाईत झाली. ते नीट सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल, आणि मागं गेलं की मला रडू येतं. येऊ दे. बघायला आहे कोण इथं?

तुम्ही माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. निपाणीहून मी या घरात आले तेव्हा माहेरच्या सगळ्या बायकांनी मला तुमची धास्ती घातली होती. धारवाडची नणंद, लग्न न केलेली, कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, सांभाळून राहा हं. मी आमटीत गूळ किती घालायचा याची तयारी करून आले होते. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, "कविता वाचतेस का गं?" मी म्हटलं, माझं गणित आहे, बी.एस्सी. "मग वाचता येईल," असं म्हणून तुम्ही एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवलंत. माझा सासुरवास म्हणतात तो एवढाच.

ते पुस्तक म्हाताऱ्याचं. त्या अमेरिकन कवीचं नाव आपल्या घरात कधी कुणी घेतलंच नाही. त्यांच्या देशातला तो थोर, इथल्या कॉलेजातही पिढ्यान् पिढ्या शिकवलेला, पण तुम्ही त्याला 'म्हातारा' म्हणायचात, जसे काही आतल्या खोलीत एक सासरे झोपलेले आहेत. मी ते पुस्तक आठवड्यात परत केलं. म्हटलं, "अक्का, हा नुसता नावं घेत सुटतो. सुतार आला, नावाडी आला, गिरणी आली, नदी आली. अमरगोळच्या बाजार समितीच्या यार्डात लिलाव चालल्यासारखं वाटतं." मधू, म्हणजे तुमचा भाऊ आणि माझा नवरा, त्याच यार्डात नोकरीला. तो इतका हसला की त्याला कपबशी खाली ठेवावी लागली. तुम्ही मात्र हसला नाहीत. "लिलावात शेवटी भाव ठरतो. हा कुणाचा भाव करत नाही. परत वाच," एवढंच म्हणालात आणि पुस्तक परत माझ्या हातात. मला ते उत्तर अजून खोडता आलेलं नाही. म्हातारा मात्र तेव्हाही आवडला नाही आणि आजही आवडत नाही, हे आपलं सांगून ठेवते.

तुम्ही रिटायर झालात आणि तुमच्या केलगेरीच्या घरात रविवारचं वाचन सुरू झालं. माणसं आपण चारच. तुम्ही, मी, तुमच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे हिरेमठ सर, आणि देशपांडे नगरात माझ्या शेजारी राहणारी डॉक्टरीण कुसुम. कुसुम आणि मी हुबळीहून चिगरी बसनं धारवाडला यायचो, पुढं रिक्षानं तुमच्याकडं. चार वाजले की तुम्ही चुरमुऱ्यांच्या गिरमिटाची परात मधे ठेवायचात आणि तोंडानं बसा म्हणायचात, "कूड्री, कूड्री," आणि माणसानं बसायच्या आत विषय काढायचात. हिरेमठ सरांच्या हातातला चुरमुरा तोंडापर्यंत पोचायचा नाही.

तो नियम तुमचाच. ज्याला कविता आवडत नाही, त्यानंच ती मोठ्यानं वाचायची. बाकीच्यांनी ऐकायचं. वाचणाऱ्यानं टिंगल करायची नाही, तोंड वाकडं करायचं नाही, सरळ वाचायची. भांडण त्यानंतर. कुसुमनं पहिल्यांदा हा नियम ऐकला तेव्हा ती मला बसमध्ये म्हणाली, तुझ्या नणंदेचं डोकं ठिकाणावर आहे ना? पण तुम्ही आयुष्यभर वर्गात बघितलं होतं, की ज्याला कविता आवडते तो ती वाचताना आवाजात साखर घालतो, डोळे मिटतो, आणि मग ऐकणाऱ्याला कविता ऐकू न येता त्याचं प्रेमच ऐकू येतं. "भक्तानं वाचली की संपली," असं तुम्ही म्हणायचात. हिरेमठ सरांची या नियमात फार गैरसोय झाली. त्यांना सगळंच आवडायचं. म्हातारा छलो, म्हणजे चांगला, म्हाताऱ्याचे शिष्य छलो, त्यांच्यावर टीका करणारेही छलो. इतक्या वर्षांत त्यांना वाचायची पाळीच आली नाही.

म्हाताऱ्याची पाळी अर्थातच माझ्यावर. तुम्ही खुर्चीत मागं रेलून ऐकायचात आणि मी नदी, गिरणी, सुतार, नावाडी सगळे ओळीनं हजर करायची. मी कंटाळून वाचते आहे हे तुम्हाला दिसायचं आणि तरी तुमचा चेहरा असा व्हायचा, की मला तुमचा रागच यायचा. आवडीच्या माणसाला कुणी नावं ठेवतंय आणि त्यातही त्याचं रूप दिसतंय, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर असायचं.

मग 'ती' आली. माझी मुलगी अमेरिकेहून आली तेव्हा तिनं एक बारकंसं पुस्तक माझ्यासाठी आणलं. म्हाताऱ्याच्याच मुलखातली, गेल्या शतकाच्या सुरुवातीला लिहिणारी एक बाई. एकच पुस्तक निघालं, कुणी विचारलं नाही, बाई मेली, पुस्तकही गेलं. आता कुणा अभ्यासकाला ते कुठल्याशा वाचनालयात सापडलं आणि लांबलचक प्रस्तावना लावून पुन्हा छापलं. मी ते एका दुपारी वाचलं आणि माझं मलाच नवल वाटलं. गणिताच्या बाईला कवितेनं धरून ठेवावं असं पहिल्यांदाच झालं होतं. मी ते पुस्तक घेऊन तुमच्याकडं आले ती अगदी पेढे वाटायला आल्यासारखी. तुम्ही मलपृष्ठ वाचलंत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "शंभर वर्षं सापडली नव्हती म्हणे. शोधत कोण होतं?"

त्या दिवसापासून आपलं जे जुंपलं ते जुंपलं. त्यातली माझी आवडती कविता तर तुम्हाला अगदीच नको होती. एक बाई घराला कुलूप लावून निघते. फाटकापर्यंत जाते, परत येते, कुलूप ओढून बघते. पुन्हा निघते आणि पुन्हा परत येते. बस्स, एवढंच. तुम्ही म्हणायचात, "सुमे, हे मी रोज करते. मला कुणी शंभर वर्षांनी शोधून काढणार आहे का?" मी म्हणायची, "अक्का, ती कुलूप बघायला येतच नाही." तुम्ही म्हणायचात, "मग कशाला येते ते लिहायला तिचा हात कुणी धरला होता?" कुसुम मधे पडायची. तिचं मत असं, की बाईला म्हाताऱ्याइतकंच मोठं म्हणायला हवं, कारण तिच्यावर अन्याय झाला. यावर आपण दोघी मिळून कुसुमवर तुटून पडायचो. अन्याय झाला म्हणून कविता चांगली होत नाही, हे तुम्ही म्हणायचात आणि मी मान डोलवायची. सगळ्यांनी लक्षात ठेवलं म्हणूनही होत नाही, हे मी म्हणायची आणि तेव्हा तुम्ही गिरमिटाकडं बघायचात.

माझं म्हणणं तुम्हाला पाठ होतं. म्हातारा थोर आहे की तो अभ्यासक्रमात आहे म्हणून थोर आहे, हे तुम्हाला तरी कसं कळलं? तुम्हाला तो विसाव्या वर्षी परीक्षेसाठी वाचावाच लागला. माझ्या 'ती'ला कुणी परीक्षेला लावली नाही. तुमचं उत्तर असं, की विसरलेली पुस्तकं ज्यांना सापडतात त्यांना ती सापडायला हवी असतात. त्यांची नोकरी त्यावर असते. हे तुम्ही स्वतः जन्मभर नोकरी केलेल्या बाईनं म्हणावं! मी तसं म्हटलं की तुम्ही खूश व्हायचात. भांडणात मी बरोबर जागी चिमटा काढला की तुम्हाला जितका आनंद व्हायचा, तितका मी तुमच्या वाढदिवसाला साडी आणली तेव्हाही झाला नव्हता.

नियमानं 'ती' तुमच्या वाट्याला आली. मी कधीच ती मोठ्यानं वाचली नाही. घरी एकटी असतानाही नाही, नियम म्हणजे नियम. मला ती कविता ऐकावीशी वाटली की रविवारी मी पुस्तक पिशवीतून काढून तुमच्यापुढं ठेवायची. तुम्ही "आलं का परत कुलूप?" म्हणत चष्मा लावायचात आणि वाचायचात, परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्नपत्रिकेतल्या सूचना वाचाव्यात तशा आवाजात. बाई दुसऱ्यांदा परत येते तिथं तुमच्या आवाजाला हटकून एक कंटाळलेली उचल यायची, "आता काय राहिलं हिचं?" अशी. मला तिथंच दरवेळी गलबलून यायचं. तुम्हाला ते दिसायचं आणि तुम्ही मुद्दाम माझ्याकडं बघायचा नाहीत.

मधू गेला तेव्हाचं एक सांगायचं राहूनच गेलं. त्या रविवारी मी तुमच्याकडं येणं शक्यच नव्हतं. माझं घर माणसांनी भरलं होतं. जो येईल तो माझा हात हातात घेत होता आणि मी काहीही म्हटलं तरी हो म्हणत होता. चारच्या सुमाराला तुम्ही एकट्या धारवाडहून आलात, म्हाताऱ्याचं पुस्तक काखेत. तुमचा धाकटा भाऊ गेला होता, तुमचं तोंड सुजलेलं होतं. आतल्या खोलीत मला घेऊन गेलात, दार लोटलंत आणि म्हणालात, "वाच." मी म्हटलं, अक्का, आज नको. "आवडत नाही ना तुला? मग वाच." मी वाचलं. रागानं वाचलं. तो सुतार, तो नावाडी, ती नदी, आणि मधूचं यार्ड आणि त्याची ती कपबशी. कुठल्याशा पानावर माझा राग संपला आणि मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवलं. तुम्ही पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलंत आणि म्हणालात, "एवढंही काही वाईट लिहीत नाही गं तो." त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. नणंद-भावजयींत आभाराची पद्धत नाही आपल्याकडं. आता मानते. त्या दिवसांत मला हो न म्हणणारं माणूस तुम्ही एकट्याच होतात.

आता शेवटचा रविवार. दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं होतं, उशांना टेकून बसवलं होतं. मी पुस्तक काढणार नव्हते, देवाशपथ. तुम्हीच म्हणालात, "पिशवीत काय आहे? काढ." कुसुम डोळ्यांनी नको नको म्हणत होती. तुम्ही वाचायला लागलात. पहिल्या ओळी नेहमीसारख्या, कोरड्या. बाई निघाली, परत आली, पुन्हा निघाली. दुसऱ्यांदा परत येते तिथं तुम्ही थांबलात. तुमची ती कंटाळलेली उचल आली नाही. उरलेलं तुम्ही अगदी हळू वाचलंत.

मी विचारलं, "अक्का, आवडली ना?"

"दम लागला गं."

"खरं सांगा."

"पुढच्या रविवारी सांगते. आता भांडायला ताकद नाही," असं म्हणून तुम्ही डोळे मिटलेत. मिटता मिटता हसलात, ते तेवढं मी बघितलं. पुढचा रविवार आलाच नाही.

तेव्हापासून मी तेच एक डोक्यात घोळवत बसते. दम लागला होता की आवडली होती? आवडली असती तर तुम्ही कबूल केलं असतंत का? कबूल केलं असतंत तर पुढच्या वेळी ती कुणी वाचली असती? तुम्ही ते सगळं ओळखून मुद्दाम झुलवत ठेवलंत मला, असंही वाटतं. आणि मग वाटतं, खरोखरच दम लागला होता म्हाताऱ्या बाईला, आणि मी त्या वेळी कवितेचं काय घेऊन बसले होते?

घरात आता फार शांत असतं, अक्का. मुलगी फोनवर म्हणते, आई, तू म्हणशील तसं. शेजारीण म्हणते, बरोबर आहे तुमचं. परवा मी भाजीवाल्याला म्हटलं, ही मेथी जून आहे, तर तो म्हणाला, हौदु अक्कार, जून आहे, आणि पेंडी परत घेतली. मी मेथी न घेता घरी आले आणि पायरीवर बसून राहिले. तुम्ही असतात तर ती मेथी कोवळी ठरवून माझ्या पिशवीत कोंबली असतीत.

शोकसभा हिरेमठ सरांनी ठरवली. तुमच्याच पुढच्या खोलीत, रविवारीच, चार वाजता. तुमचे जुने विद्यार्थी आले होते, गल्लीतली माणसं होती. गिरमिट नव्हतं. ते करायचं कुणाला सुचलं नाही आणि सुचलं असतं तर मला घास उतरला नसता. हिरेमठ सर चार वाक्यं बोलले आणि खाली बसले. मग कुसुम उभी राहिली.

कुसुम फार छान बोलते, तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, "अक्का आणि सुमन यांचं एका कवयित्रीवरून वर्षानुवर्षं भांडण होतं. पण शेवटच्या रविवारी मी स्वतः तिथं होते. ती कविता वाचताना अक्कांचा आवाज भरून आला. त्या विसरलेल्या बाईनं शेवटी अक्कांना जिंकलं." सगळ्यांनी मान हलवली. कुणीतरी डोळे पुसले. हिरेमठ सर पुटपुटले, "छलो आत, बरं झालं."

मला आनंद व्हायला हवा होता. हेच तर मी इतकी वर्षं तुमच्या तोंडून मागत होते. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी उभी राहिले. म्हटलं, "साफ खोटं आहे."

मग कुसुमकडं वळले. मी म्हटलं, "तू डॉक्टर ना गं? दम लागणं आणि कविता आवडणं यातला फरक तुला कळू नये? अक्कांना ती आवडत नव्हती. शेवटपर्यंत नाही. मेलेलं माणूस उलटून बोलत नाही म्हणून त्याला आपल्या बाजूला ओढायचं का?"

"अगं सुमन, मी चांगल्या अर्थानंच..."

"अक्कांना तुझा चांगला अर्थ नको होता." आणि मग मी सुटलेच. तुमचं म्हणणं मांडायला लागले. बाई आहे, कुलूप आहे, त्यापलीकडं काय आहे त्यात? रोज सगळ्या बायका हेच करतात. आधी मी "अक्का म्हणायच्या" असं म्हणत होते, नंतर तेही राहिलं. म्हटलं, "आपण प्रस्तावना वाचून रडतो आणि शाबासकी कवितेला देतो. ती शंभर वर्षं हरवली होती ही गोष्ट कवितेत नाही, ती आपण वरून घालतो. ती काढून ठेवा आणि मग सांगा काय उरतं."

अक्का, हा मुद्दा तुम्ही कधीच मांडला नव्हता. तो मला तिथं उभ्याउभ्या सुचला, अगदी तुमच्या आवाजात सुचला. इतका चांगला मुद्दा आपल्या भांडणात कधी निघाला नव्हता. मी थांबले आणि उत्तराची वाट बघत राहिले. त्याला उत्तर होतं. ते मला ठाऊक होतं, माझ्या जिभेवर होतं. पण दोन्हीकडून मीच कशी बोलणार?

शेवटी कुसुम म्हणाली, "बरं बाई, तू म्हणतेस तसं." तिला वाटलं मला दुःखानं काही सुचत नाहीये. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

हिरेमठ सर म्हणाले, "होगली बिड्री, सुमनताई, सोडून द्या." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते अगदी भाबडेपणानं म्हणाले, "पण तुमचं हे मत असेल, तर नियमानं आज तुम्हीच वाचायला पाहिजे."

सगळे माझ्याकडं बघत होते. नाही कसं म्हणणार? पुस्तक पिशवीत होतंच. मी चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती कविता माझ्या तोंडानं वाचली. सरळ वाचली, साखर न घालता, तुम्हाला बोट ठेवायला जागा ठेवली नाही. बाई निघाली. परत आली. पुन्हा निघाली. दुसऱ्यांदा परत येते त्या ओळीवर मी आले, वाचली, आणि पुढं गेले. काहीच झालं नाही. बाई होती, कुलूप होतं. मी शेवटपर्यंत वाचून पुस्तक मिटलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना.

अक्का, मला ती आवडली नाही. इतकी वर्षं मी जिच्यासाठी तुमच्याशी भांडले, ती तुमच्या तोंडची होती. तुमच्या त्या कंटाळलेल्या, कोरड्या, माझ्याकडं न बघणाऱ्या आवाजाखेरीज तिच्यात मला काही सापडलं नाही. म्हणजे तुमचंच खरं झालं. हे ऐकायला तरी थांबायला हवं होतं तुम्ही.